मेअखेरीस कॅनकूनला जाताय? आधी पाणी निवडा, मग हॉटेल

विचारणारं कुटुंब डॅलसला राहतं. नवरा-बायको एच-वन-बी (नोकरीचा) आणि एच-फोर (जोडीदाराचा) या व्हिसांवर, मुलगी 11 वर्षांची, मुलगा 5 वर्षांचा. पुण्याहून बी-टू, म्हणजे पर्यटक व्हिसावर आलेले सासू-सासरे सत्तरीच्या पुढचे. मेच्या शेवटी शाळा संपली की सहा दिवस मेक्सिकोच्या कॅरिबियन किनाऱ्यावर जायचं आहे. फोटो पाहून तुलुमला अगदी पुळणीवरचं एक हॉटेल आवडलं आहे. पोहता फक्त मुलीला येतं. सगळे शाकाहारी, सासरे अंडंही खात नाहीत, आणि स्पॅनिश कुणालाच येत नाही. काय काळजी घ्यावी, असा प्रश्न आहे.

मी गेली बरीच वर्षं अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांच्या या किनाऱ्यावरच्या सहली आखते. माझं पहिलं उत्तर असं: तुलुमचं ते हॉटेल बुक करू नका. हॉटेल चांगलंच असेल. पण त्याच्यासमोरचा समुद्र मेअखेरीस तुमच्या घरातल्या माणसांसाठी योग्य नाही.

या किनाऱ्याबद्दल बोलताना लोक 'कॅनकूनचा समुद्र' असं सरसकट म्हणतात. कॅनकूनपासून दक्षिणेला तुलुमपर्यंत सव्वाशे किलोमीटरच्या पट्ट्यात पाण्याची चार-पाच वेगवेगळी रूपं आहेत. कुठे पाच वर्षांचं मूल कमरेपर्यंतच्या पाण्यात तासभर खेळू शकतं, तर कुठे चांगला पोहणाराही ओढला जातो. म्हणून कोण पाण्यात उतरणार हे आधी ठरवायचं, त्यावरून किनारा निवडायचा आणि मग त्या किनाऱ्यावरचं हॉटेल शोधायचं. बहुतेक जण नेमकं याच्या उलट करतात.

मेमधली मोठी अडचण म्हणजे सार्गासम. हे तपकिरी, तरंगतं समुद्री शेवाळ आहे. 2011 पासून ते अटलांटिकमध्ये प्रचंड प्रमाणात वाढायला लागलं, आणि वारा-प्रवाहांबरोबर कॅरिबियनच्या किनाऱ्यांना येऊन लागतं. साधारण मार्च-एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत त्याचा जोर असतो, म्हणजे तुमची सहल ऐन मोसमात आहे. ताजं शेवाळ निरुपद्रवी असतं. पण पुळणीवर ढीग साचून कुजायला लागला की त्यातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो, सडलेल्या अंड्यांचा वास येतो, पाणी चहासारखं तपकिरी होतं. दमा असलेल्या माणसाला तो वास खरोखर त्रास देतो. हॉटेलवाले पहाटेपासून ट्रॅक्टर लावून ढीग उचलतात, समुद्रात अडवणाऱ्या जाळ्याही टाकतात, पण शेवाळाची मोठी लाट आली की हे सगळं अपुरं पडतं.

शेवाळ पूर्वेकडून येतं. त्यामुळे थेट पूर्वेला उघडे असलेले किनारे, म्हणजे तुलुम, प्लाया देल कार्मेन, पुएर्तो मोरेलोस आणि कॅनकूनच्या हॉटेल झोनची लांब बाजू, यांना त्याचा फटका बसतो. इस्ला मुहेरेस बेटाचं उत्तर टोक, कोसुमेल बेटाची पश्चिम बाजू आणि कॅनकूनच्या हॉटेल झोनची उत्तरेकडची छोटी बाजू बऱ्याच प्रमाणात वाचतात. पूर्ण वाचतात असं मी म्हणणार नाही. पण एकाच दिवशी तुलुमला गुडघाभर शेवाळ आणि इस्लाच्या उत्तर टोकाच्या प्लाया नोर्ते किनाऱ्यावर काचेसारखं पाणी, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

निघण्याच्या आठवडाभर आधी किंताना रो (कॅनकून याच राज्यात आहे) राज्यातल्या सार्गासम निरीक्षण जाळ्याचे रोजचे नकाशे बघायला लागा. त्यात प्रत्येक किनाऱ्याला शेवाळाच्या प्रमाणानुसार रंग दिलेला असतो. साउथ फ्लोरिडा विद्यापीठ दर महिन्याला उपग्रहांवरून अंदाज प्रसिद्ध करतं, तो मोठं चित्र समजायला उपयोगी. हॉटेलच्या जाहिरातीतले फोटो कोणत्या महिन्यात काढलेत हे कधीच कळत नाही. त्यापेक्षा पाहुण्यांनी गेल्या चार दिवसांत टाकलेले फोटो शोधा.

आता कॅनकूनचा हॉटेल झोन नीट समजून घ्या, कारण तुम्हाला मी तिथेच पाठवणार आहे. तो साधारण इंग्रजी सात आकड्याच्या आकाराचा वाळूचा अरुंद पट्टा आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला निचुप्ते नावाचं खारफुटीचं सरोवर. मधून एकच मुख्य रस्ता जातो, बुलेव्हार कुकुल्कान, आणि सगळे पत्ते त्यावरच्या किलोमीटरच्या आकड्यांनी सांगतात. इंग्रजी सात आकड्याची वरची आडवी रेघ उत्तरेकडे बघते आणि समोर इस्ला मुहेरेस बेट आडवं असल्यामुळे तिथे लाटा मोडतात. लास पेर्लास, लांगोस्ता, तोर्तुगास, काराकोल हे किनारे या बाजूला, साधारण नवव्या किलोमीटरच्या आत. पाणी उथळ, संथ. त्यापुढे रस्ता वळतो आणि उभी रेघ सुरू होते: चाक मूल, मार्लिन, बायेनास, आणि अठराव्या किलोमीटरजवळचा देल्फिनेस. फोटोत सगळ्यात देखणा हाच भाग दिसतो. तिथला निळा रंग बघून डोळे निवतात हे खरंच. पण समुद्र मोकळा, लाटा जोरदार आणि पाण्याखाली परतीची ओढ. देल्फिनेसला जरूर जा, शहराच्या नावाच्या मोठ्या रंगीत अक्षरांपाशी फोटो काढा, मुलांना वाळूत खेळू द्या. पाण्यात घोट्याच्या वर नको.

आपल्याकडच्या लोकांना इथे एक गोष्ट हमखास फसवते. कोकणात वाढलेला माणूस भरती-ओहोटी बघून समुद्राचा अंदाज घेतो. अलिबागच्या किल्ल्यात ओहोटीला चालत जायचं आणि भरतीच्या आत परतायचं, हे शिकवावं लागत नाही. कॅरिबियनमध्ये भरती-ओहोटीचा फरक जेमतेम फूटभर. पाणी दिवसभर तिथल्या तिथेच दिसतं, त्यामुळे समुद्र शांत असल्याचा भास होतो. ओढ मात्र लाटांमुळे तयार होते, भरतीमुळे नाही. किनाऱ्यावर आपटलेलं पाणी एखाद्या अरुंद वाटेने वेगात परत जातं. वरून बघितलं तर आजूबाजूला लाटा फुटत असतात आणि मध्येच एक गुळगुळीत, न फुटणारी पट्टी दिसते. नवख्या माणसाला तीच जागा सुरक्षित वाटते आणि नेमकी तीच धोक्याची असते. त्यात सापडल्यास किनाऱ्याकडे झुंजत पोहायचं नाही. पाठीवर तरंगायचं, हात वर करून मदत मागायची, आणि पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर सरकून त्या वाटेतून बाहेर पडायचं. मुलीला हे निघण्यापूर्वी घरीच समजावून सांगा. पोहता येतं तिलाच जास्त सांगायची गरज आहे, कारण तीच आत जाणार.

सार्वजनिक किनाऱ्यांवर झेंडे असतात. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे धोका, काळा म्हणजे समुद्र बंद. लाल झेंडा असतानाही लोक आत दिसतील. तुम्ही जाऊ नका.

मग राहायचं कुठे? तुमच्या घरासाठी मी आडव्या रेघेवरचं, म्हणजे नवव्या किलोमीटरच्या आतलं ऑल-इन्क्लूसिव्ह (खाणंपिणं भाड्यातच धरलेलं) हॉटेल घेईन. एरवी मी ऑल-इन्क्लूसिव्हची फार शिफारस करत नाही, कारण लोक मनगटावर पट्टा बांधून घेतात आणि सहा दिवस मेक्सिको बघतच नाहीत. पण सत्तरीचे दोघं, पाच वर्षांचं मूल आणि अंडंही न खाणारा एक माणूस बरोबर असताना दर जेवणाला नवं ठिकाण शोधणं फार दमवतं. खोलीपासून पाण्यापर्यंत चालत किती वेळ लागतो, लिफ्ट कुठे आहे, हे बुकिंगआधी मेलने विचारा. मोठ्या हॉटेलांत हे अंतर सासूबाईंच्या गुडघ्यांना जाणवण्याइतकं असतं.

इस्ला मुहेरेसला मात्र किमान एक अख्खा दिवस द्या, जमल्यास दोन. बोटी पुएर्तो हुआरेसच्या धक्क्यावरून थोड्या थोड्या वेळाने सुटतात आणि वीसेक मिनिटांत पोचवतात. हॉटेल झोनमधून, प्लाया तोर्तुगासच्या धक्क्यावरूनही बोट आहे. ती महाग पडते आणि फेऱ्या कमी, पण टॅक्सीचा त्रास वाचतो. दिवसभराची गर्दी अकराच्या सुमाराला येते आणि चारनंतर ओसरते. म्हणून सकाळची लवकरची बोट पकडा. धक्क्यापासून प्लाया नोर्ते चालत दहा-बारा मिनिटांवर आहे. तिथे बरंच आत गेलं तरी पाणी कमरेच्या वर येत नाही, तळाशी मऊ पांढरी वाळू, खडक नाहीत. पाच वर्षांच्या मुलासाठी आणि आयुष्यात पहिल्यांदा समुद्रात बसू पाहणाऱ्या आजीसाठी या पूर्ण किनाऱ्यावर मला याहून चांगली जागा माहीत नाही. आजोबांना वाळूत कंटाळा आला तर गोल्फ कार्ट भाड्याने घ्या (लायसन्स लागतं) आणि दक्षिण टोकाच्या कड्यापर्यंत जाऊन या. बेट जेमतेम सात किलोमीटर लांब आहे. रात्री तिथे राहिलात तर सूर्यास्त समुद्रात दिसतो. कॅनकूनच्या पूर्वेकडच्या पुळणीवर तो मिळत नाही.

मुलगी थोडी मोठी असती आणि तिला स्नॉर्कलिंगची आवड असती तर कोसुमेल सुचवलं असतं. मेसोअमेरिकन प्रवाळरांग ही जगातल्या सर्वांत मोठ्या प्रवाळरांगांपैकी एक, आणि कोसुमेलच्या पश्चिमेला ती सुंदरच दिसते. पण तिथला किनारा बऱ्याच ठिकाणी खडकाळ आहे, लहानग्याचे हाल होतात.

आता उन्हाबद्दल जरा थांबून सांगते, कारण हे कुणी गंभीरपणे घेत नाही. 'आम्ही भारतातले, आम्हाला ऊन काय नवीन' हे वाक्य मी दर मोसमात ऐकते. कॅनकून आणि नागपूर जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, 21 अंश उत्तर. नागपूरला मेच्या शेवटच्या आठवड्यात शून्य सावलीचा दिवस येतो, तोच आठवडा कॅनकूनचाही. म्हणजे तुम्ही जाल तेव्हा दुपारी सूर्य बरोबर माथ्यावर असेल. घड्याळात ती वेळ बारा नव्हे, पाऊणच्या आसपास येते. नागपूरला मेमध्ये कुणी दुपारी बाहेर पडत नाही. इथे समुद्राच्या वाऱ्यामुळे तापमान बत्तीस-तेहतीसच असतं, म्हणून लोक दुपारभर पाण्यात बसतात. पांढरी वाळू आणि पाणी दोन्हीकडून किरण परत उसळतात. सावळी कातडीही भाजते, सोलते. सकाळी साडेसहा ते दहा पाण्यात, अकरा ते साडेतीन खोलीत किंवा सावलीत, मग पुन्हा संध्याकाळी, असा दिवस आखा. मुलांना पूर्ण बाह्यांचे पोहण्याचे टी-शर्ट घाला. त्याने सनस्क्रीन कमी लागतं, आणि ते महत्त्वाचं आहे: गोड्या पाण्याच्या कुंडांमध्ये, म्हणजे सेनोतेंमध्ये, आणि अनेक सागरी उद्यानांत साधं सनस्क्रीन लावून उतरू देत नाहीत, कारण त्यातली रसायनं प्रवाळांना आणि भूजलाला अपाय करतात.

सेनोते म्हणजे चुनखडीचं छत कोसळून उघडी पडलेली गोड्या पाण्याची कुंडं. युकातान द्वीपकल्पाच्या उत्तर भागात जमिनीवर नद्या जवळजवळ नाहीतच. पाऊस चुनखडीतून खाली झिरपतो आणि पाणी जमिनीखालच्या गुहांमधून वाहतं. तुलुमजवळची साक आक्तुन ही पाण्याखालची गुहारांग 2018 मध्ये साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास मोजली गेली. आपल्या घाटांवरचा काळा बसाल्ट खडक पाणी वरूनच वाहून नेतो, त्यामुळे मुलीला हा फरक दाखवण्यासारखा आहे. पण निवड करताना पायऱ्या बघा. इक किलसारख्या प्रसिद्ध सेनोतेत खोल, ओल्या पायऱ्या उतराव्या लागतात आणि पाणी खूप खोल आहे. तुमच्यासाठी प्लाया देल कार्मेनच्या दक्षिणेचं सेनोते असूल बरं: वरून उघडं, कडेला उथळ कुंडं, लहान मासे. पाणी पंचवीस अंशांच्या आसपास, समुद्रापेक्षा चांगलंच गार. लाइफ जॅकेट तिथे मिळतं, पण पाच वर्षांच्या मुलाच्या मापाचं घरूनच न्या. किनाऱ्यावरही त्याचाच उपयोग होईल. हवेने फुगवायच्या रबरी कड्यांवर विसंबू नका.

चिचेन इत्सा, म्हणजे शेजारच्या युकातान राज्यातले प्राचीन माया संस्कृतीचे अवशेष, बघायचेच आहेत का, हे सासऱ्यांना विचारून ठरवा. कॅनकूनपासून दोनशे किलोमीटर, जाऊन-येऊन पाच तास गाडीत, आवारात सावली कमी, आणि पिरॅमिडवर चढायला आता बंदी आहे. इतिहासाची खरी ओढ असेल तर दिवस सार्थकी लागतो. मग पहाटे सहा-साडेसहाला निघा. युकातान राज्याचं घड्याळ किंताना रोच्या एक तास मागे आहे, त्यामुळे तुमच्या घड्याळात नऊ वाजता पोचलात तरी तिथे आठ वाजलेले असतात आणि दरवाजे नुकतेच उघडतात. परतीच्या वेळी हाच तास उलटा लागतो, रात्रीचं जेवण त्याप्रमाणे ठरवा. रविवार टाळा. त्या दिवशी मेक्सिकन नागरिकांना प्रवेश मोफत असल्याने गर्दी फार होते. आणि इतकं झेपणार नसेल तर अजिबात खंत करू नका. हॉटेल झोनमध्येच सोळा-सतराव्या किलोमीटरला माया संग्रहालय आहे. त्याच्या आवारात झाडांच्या सावलीत सान मिगेलितोचे माया अवशेष आहेत, आणि थोडं पुढे एल रेय, जिथे दगडांवर मोठमोठे इग्वाना ऊन खात बसलेले असतात. पाच वर्षांच्या मुलाला पिरॅमिडपेक्षा हे इग्वाना जास्त आवडतात. आवारात चिकूची झाडं दिसली तर आजी-आजोबांना दाखवा. चिकू मूळचा याच भागातला. त्याचा चीक काढून माया लोक चघळायचे आणि पुढे त्यावरच च्युइंगमचा धंदा उभा राहिला.

कागदपत्रांचं आता. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा मुदतीतला व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. सासू-सासऱ्यांचा बी-टू त्यात चालतो. तुमच्या दोघांचा व्हिसाचा शिक्का मात्र काढून तारीख बघा. एच-वन-बीवर असलेल्या अनेकांचा शिक्का संपलेला असतो आणि हातात फक्त आय-797 मंजुरीपत्र असतं. मंजुरीपत्र म्हणजे व्हिसा नव्हे. विमान कंपनी डॅलसच्या काउंटरवरच थांबवते. तीस दिवसांच्या आत मेक्सिकोहून परत येणाऱ्याला संपलेल्या शिक्क्यावर, मुदतीतल्या आय-94 (अमेरिकेतल्या मुक्कामाची मुदत दाखवणारी प्रवेशनोंद) सह अमेरिकेत येऊ देण्याची सोय आहे, पण ती सवलत अमेरिकेची आहे. मेक्सिकोत शिरायला मेक्सिकोचा नियम लागतो, आणि तेव्हा त्यांच्या वाणिज्य दूतावासातून आधी व्हिसा काढावा लागतो. मुलांचे पासपोर्ट अमेरिकन असतील तर त्यांना प्रश्न नाही. आणखी एक: या सहलीने सासू-सासऱ्यांना अमेरिकेत नवे सहा महिने मिळतील असं गृहीत धरू नका. इतक्या लहान फेरीनंतर साधारणपणे जुनीच मुदत पुढे चालू राहते.

किंताना रो राज्य परदेशी पाहुण्यांकडून व्हिसिटॅक्स नावाचा छोटा कर घेतं. तो राज्य सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरच भरा. शोधायला गेलं की तसंच दिसणारी, जास्त पैसे उकळणारी स्थळं आधी वर येतात.

कॅनकून विमानतळावर कस्टम्समधून बाहेर पडलं की एक लांब दालन लागतं. दोन्ही बाजूंना नीटनेटक्या गणवेशातली माणसं हसून हाका मारतात: टॅक्सी हवी का, तुमचं हॉटेल कोणतं, इकडे या. ही बहुतेक टाइमशेअर, म्हणजे सुट्टीच्या घरात दरवर्षी काही दिवस राहण्याचा हक्क, विकणारी मंडळी. त्यांच्याशी एकदा बोलणं सुरू झालं की 'मोफत नाश्ता आणि नव्वद मिनिटांचं सादरीकरण' यात सुट्टीची एक अख्खी सकाळ जाते. मान हलवून 'नो, ग्रासियास' म्हणा आणि न थांबता इमारतीच्या बाहेर जा. आधी बुक केलेल्या गाडीचा माणूस बाहेर पाटी घेऊन उभा असतो. सहा माणसं आणि सामान म्हटल्यावर आधी ठरवलेली व्हॅनच सोयीची. दोघंच असता तर आडो कंपनीच्या बसने जा म्हटलं असतं, ती स्वच्छ आणि वेळेवर असते. हॉटेल झोनमध्ये फिरायला आर-1, आर-2 या शहरबस दिवसभर धावतात.

गाडी भाड्याने घ्यायची गरज तुम्हाला नाही. घेतलीच तर संकेतस्थळावरचा स्वस्त आकडा बघून हुरळू नका. मेक्सिकोत समोरच्याच्या नुकसानीचा विमा सक्तीचा आहे, तो त्या आकड्यात बहुतेकदा धरलेला नसतो, आणि अमेरिकन क्रेडिट कार्डाचं संरक्षणही त्याला लागू होत नाही. सगळ्या विम्यासकट अंतिम भाव लेखी घ्या. पेट्रोल पंपावर, आपल्यासारखंच, मीटर शून्यावर आहे ना ते बघा.

पैशांच्या बाबतीत लक्षात ठेवा की मेक्सिकन पेसोचं चिन्हही डॉलरचंच आहे. मेनूवर 250 दिसलं तर ते पेसो. पण पर्यटकांच्या भागात काही ठिकाणी खरोखर डॉलरमध्ये भाव लावलेले असतात, तेव्हा ऑर्डर देण्याआधी 'पेसोस?' इतकं विचारा. गेल्या काही वर्षांत एका डॉलरला ढोबळ मानाने सतरा ते वीस पेसो मिळतात. डॉलरमध्ये पैसे दिले तर दुकानदार त्याच्या सोयीचा दर लावतो, म्हणून पेसोच वापरा. ते बँकेच्या आतल्या एटीएममधून काढा. यंत्र 'डॉलरमध्ये रूपांतर करू का' असं विचारेल, नाही म्हणा, कार्डाच्या मशिनवरही नाही म्हणा. टीप दहा ते पंधरा टक्के. सुपरमार्केटमध्ये पिशव्या भरून देणारे वयस्कर लोक दिसतील. त्यांना पगार नसतो, ग्राहक देतील ते पेसो हीच त्यांची कमाई. सुटी नाणी त्यासाठी खिशात असू द्या.

जेवणाकडे येते. 'व्हेजिटेरियन' एवढंच सांगून भागणार नाही. तिथे भाताला कोंबडीचं पाणी आणि घोटलेल्या घेवड्याला डुकराची चरबी घालणं अगदी नेहमीचं आहे, आणि गव्हाच्या तोर्तियातही, म्हणजे तिथल्या पोळीतही, चरबी असू शकते. वाढणाऱ्याच्या मनात फसवण्याचा हेतू नसतो, त्याच्या लेखी ते मांस नसतंच. म्हणून फोनमध्ये स्पॅनिशमध्ये पूर्ण यादी लिहून ठेवा आणि ती दाखवा: सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन मांतेका, सिन काल्दो दे पोयो, आणि सासऱ्यांसाठी सिन ह्वेवो. मांस, कोंबडी, मासे, चरबी, कोंबडीचं पाणी, अंडं यांपैकी काही नको, असा अर्थ होतो.

खाण्यासारखं मात्र भरपूर आहे आणि आपल्या जिभेला रुचणारं आहे. मक्याच्या तोर्तियातली भोपळ्याच्या फुलांची केसादिया, राखास म्हणजे भाजलेल्या मिरच्यांच्या पट्ट्या आणि चीज, नोपाल म्हणजे निवडुंगाची भाजी, मक्याचे दाणे घातलेले एस्कितेस (यातल्या मेयोनेजमध्ये अंडं असतं, 'सिन मायोनेसा' सांगा). युकातानची खासियत म्हणजे सिकिल पाक, भाजलेल्या भोपळ्याच्या बिया आणि टोमॅटोची चटणी. सासूबाई घरी येऊन करून बघतील इतकी ती ओळखीची वाटते. पापाद्सुलेस दिसायला शाकाहारी, पण आत उकडलेलं अंडं. संध्याकाळी गाडीवर मिळणारी चीजची कुरकुरीत मार्केसिता मुलांना नक्की आवडेल, पिठात अंडं असतं एवढं सासऱ्यांना सांगा. आबानेरो मिरचीची सालसा आधी टोकावर घेऊन बघा. आपण तिखट खाणारे आहोत या भरवशावर चमचाभर घेणाऱ्यांची फार वाईट अवस्था होते. पिण्याला चिंचेचं, जास्वंदाचं सरबत मागा.

नळाचं पाणी पिऊ नका, दातही बाटलीच्या पाण्याने घासा. हॉटेलांतला आणि बऱ्या रेस्टॉरंटमधला बर्फ शुद्ध पाण्याचा असतो. घरून न्यायचं तर कारखान्यात बंद केलेली पाकिटं न्या. ताजी फळं, कच्चं धान्य, बिया, दुधाचे घरगुती पदार्थ कस्टम्समध्ये काढून घेतले जातात. बिल आपणहून आणून देणं तिथे असभ्य समजतात, त्यामुळे वाट बघत बसू नका, 'ला क्वेन्ता, पोर फावोर' म्हणा. आणि कुणाशीही बोलताना आधी 'ब्वेनोस दियास', दुपारनंतर 'ब्वेनास तार्देस'. थेट कामाचं विचारणाऱ्यापेक्षा आधी नमस्कार करणाऱ्याला तिथे फार वेगळी वागणूक मिळते.

औषधं सगळी घरून, मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. सासू-सासऱ्यांची रक्तदाब-मधुमेहाची औषधं हातातल्या बॅगेत, आणि दोन दिवस जास्तीची. पर्यटक भागातल्या काही औषधदुकानांत बनावट गोळ्या सापडल्या आहेत, त्यामुळे वेदनाशामक वगैरे तिथे सहज म्हणून विकत घेऊ नका. जुलाब किंवा उन्हाचा त्रास झाला तर क्षारांचं तयार पेय कोपऱ्यावरच्या ओक्सो दुकानात मिळतं. डासांमुळे डेंग्यूचा धोका आहे, संध्याकाळी मलम लावा. खासगी रुग्णालयं दाखल करण्याआधी मोठी अनामत मागतात, आणि सासू-सासऱ्यांचा अमेरिकेसाठी काढलेला विमा मेक्सिकोत चालतोच असं नाही. पॉलिसीत मेक्सिकोचं नाव आहे का, आधीपासूनच्या आजारांना संरक्षण आहे का, हे तिकिटं काढण्यापूर्वी विमा कंपनीकडून लेखी घ्या. आणीबाणीचा क्रमांक तिथेही 911 च आहे.

शेवटच्या दिवशी बॅगा भरताना मुलांच्या खिशातून शंख आणि प्रवाळाचे तुकडे काढून ठेवा, कस्टम्समध्ये त्यावरून अडचण येऊ शकते. पासपोर्ट, आय-797 ची मूळ प्रत आणि सासू-सासऱ्यांचं भारताचं परतीचं तिकीट एकाच पाकिटात हाताशी ठेवा. डॅलसला उतरल्यावर अधिकारी सासऱ्यांना परत कधी जाणार हे विचारू शकतात. उत्तर त्यांनी स्वतःच द्यावं, ती तारीख त्यांना आधीच सांगून ठेवा.